कंप्युटर बंद पडत नाही, पण उत्तर बरोबर देतो का? ओव्हरक्लॉकिंग आणि स्थिरतेचा हिशेब

२०२४ साली महागडे गेमिंग कंप्युटर घेतलेल्या अनेकांना गेम सुरू करताना एक चमत्कारिक संदेश दिसू लागला: व्हिडिओ मेमरी संपली आहे. ग्राफिक्स कार्डात मेमरी भरपूर मोकळी असायची. कार्ड बदललं, ड्रायव्हर बदलले, तरी संदेश जाईना. शेवटी दोष निघाला प्रोसेसरमध्ये. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर गेमचा घट्ट बांधून ठेवलेला डेटा सोडवताना चुकीचं उत्तर काढत होते, आणि त्या चुकीच्या उत्तरावर पुढे भलताच संदेश उभा राहत होता.

जुलै २०२४ मध्ये इंटेलने कबूल केलं की प्रोसेसर स्वतःसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये आलेल्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडने, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्तीने, ही मागणी १.५५ व्होल्टवर रोखली, आणि या प्रोसेसरांची वॉरंटी तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. कारखान्यातून आलं तसं, काहीही न बदलता वापरलेल्या मशीनवरही हे घडलं होतं.

वेग, व्होल्टेज आणि उष्णता यांचा मेळ चुकला की काय होतं, हे त्या प्रकरणात स्पष्ट दिसलं. ओव्हरक्लॉकिंग करणारा माणूस हाच मेळ स्वतःच्या हातात घेतो. म्हणून वेग कसा वाढवायचा याच्या आधी, वाढवलेला वेग खरा आहे की नाही हे कसं ओळखायचं, ते नीट कळलं पाहिजे.

एका ठोक्यात काय काय उरकायचं असतं

प्रोसेसरला एक ताल असतो, त्याला क्लॉक म्हणतात. मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठेका देतो आणि प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. हा गुणक म्हणजे मल्टिप्लायर. गुणक ४५ असेल तर ४५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४.५ गिगाहर्ट्झ. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे मुख्यतः हा गुणक कंपनीने ठरवलेल्या आकड्याच्या वर नेणं.

गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोल-ताशा पथक डोळ्यांसमोर आणा. ताशा लय देतो आणि पन्नास ढोल त्या लयीवर एकत्र पडतात. लय वाढवली की टिपरू उचलून पुन्हा मारायला वेळ कमी उरतो. एका टप्प्यानंतर एखाद्याचा हात मागे पडतो आणि ठोका चुकतो. पथक मात्र थांबत नाही, लांबून ऐकणाऱ्याला काही कळतही नाही.

प्रोसेसरच्या आत नेमकं हेच होतं. एका टप्प्याचं उत्तर पुढचा ठोका पडायच्या आत तयार होऊन स्थिरावलं पाहिजे. ४.५ गिगाहर्ट्झला त्यासाठी २२२ पिकोसेकंद मिळतात, ५ गिगाहर्ट्झला २००. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त ६ सेंटिमीटर जातो. सगळ्यात लांब वाट असलेल्या सर्किटला हे २२ पिकोसेकंद कमी पडले, तर पुढचा टप्पा अर्धवट किंवा जुनंच उत्तर उचलतो. त्या जागी मेमरीतला पत्ता असेल तर विंडोज निळी पाटी दाखवून बंद पडेल. फोटोतल्या एका ठिपक्याचा रंग असेल तर कुणाच्याही लक्षात येणार नाही. हिशेबातली एखादी रक्कम असेल तर ती चुकीचीच साठवली जाईल.

व्होल्टेजने हात चालतो, पण किंमत वर्गात मोजावी लागते

ट्रान्झिस्टरला जास्त व्होल्टेज दिलं की तो लवकर चालू-बंद होतो. म्हणजे वादकाच्या हातात जास्त जोर येतो आणि वाढलेली लय पेलते. मग व्होल्टेज का वाढवत राहू नये? कारण खर्च होणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत.

आकडे घालून पाहू. वेग ४.५ वरून ५.० नेला, म्हणजे १.११ पट. त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३० करावं लागलं, तर ते १.०८ पट झालं आणि त्याचा वर्ग १.१७. दोन्हींचा गुणाकार १.३०. अकरा टक्के वेगासाठी तीस टक्के जास्त वीज. आधी १२५ वॅट खाणारा प्रोसेसर आता १६३ वॅट खाणार, आणि ही सगळी वीज नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून उष्णता होऊन बाहेर पडणार. तापलेल्या चिपमधून विजेची गळती वाढते, आणि तोच वेग टिकवायला सहसा आणखी थोडं व्होल्टेज लागतं. एकाने दुसरं वाढतं ते असं.

एकाच कारखान्यात, एकाच तबकडीवर तयार झालेल्या दोन चिपसुद्धा सारख्या नसतात. एकीला ५ गिगाहर्ट्झसाठी १.२४ व्होल्ट पुरतात, दुसरीला १.३४ लागतात. म्हणून दुसऱ्याने सांगितलेला व्होल्टेजचा आकडा जसाच्या तसा उचलू नये. आपल्या चिपचा आकडा आपणच शोधायचा असतो.

कोणत्या मशीनवर हे जमतं

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेतला मदरबोर्ड, उदाहरणार्थ झेड६९० किंवा झेड७९०, असं दोन्ही लागतं. बी७६० बोर्डवर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा गुणक नाही. एएमडीचे बहुतेक रायझन मोकळे असतात. ५८००एक्स३डी हा ठळक अपवाद, त्याचा गुणक बंद आहे. रायझनसाठी बोर्ड बी किंवा एक्स मालिकेतला हवा, ए३२०, ए५२० आणि ए६२० वर हे जमत नाही.

बोर्डवर प्रोसेसरच्या सॉकेटभोवती जो वीज रूपांतर करणारा भाग असतो त्याला व्हीआरएम म्हणतात. त्यावर धातूचा जाडजूड हीटसिंक नसेल तर पुढे जाऊ नका. कूलर दोन मनोऱ्यांचा एअर कूलर किंवा निदान २४० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर असावा.

बायोसमध्ये बसून: आय५-१२६००के चं उदाहरण

बाराव्या पिढीचा हा प्रोसेसर उदाहरणाला चांगला, कारण वर सांगितलेल्या २०२४ च्या दोषात ही पिढी नाही. यात सहा मोठे पी-कोअर आणि चार छोटे ई-कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे दहा भाग, आहेत. एकदोनच कोअर कामात असतील तर पी-कोअर ४.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, सगळे कामाला लागले की ४.५ वर चालतात. (तेरावी-चौदावी पिढी वापरत असाल तर आधी बोर्डचं ताजं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं त्याचं मूळ सॉफ्टवेअर, टाका, ओव्हरक्लॉकिंगचा विचार त्यानंतर.)

पहिलं काम मोजमापाचं. महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. बायोस मूळ सेटिंगवर आणा, विंडोजमध्ये तापमान आणि व्होल्टेज दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो६४ उघडा आणि वेग मोजणारा सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं चालवा. गुण, कोअरचं कमाल तापमान, प्रोसेसर खात असलेले वॅट आणि भाराखालचं व्ही-कोअर, म्हणजे कोअरना मिळणारं व्होल्टेज, हे चार आकडे कागदावर लिहा. मूळ सेटिंगवरच तापमान ८५ अंशांच्या वर असेल तर कूलर नीट बसलेला नाही किंवा कमी पडतोय. तिथेच थांबा आणि आधी ते दुरुस्त करा.

रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे तिला जास्त वेगावर चालवणारं तयार सेटिंग, सध्या बंद ठेवा. एक्सएमपी हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. दोन्ही एकत्र चालू केले आणि मशीन पडलं, तर दोष कुणाचा हे शोधण्यात रविवार जातो.

आता पी-कोअरचा गुणक सगळ्या कोअरसाठी ४८ करा. ई-कोअरना हात लावू नका. व्होल्टेज ऑटोवर सोडू नका, कारण ऑटोवर बरेच बोर्ड भीतीपोटी गरजेपेक्षा खूप जास्त देतात. ते स्थिर पद्धतीवर ठेवून १.२५ लिहा, सेव्ह करा आणि पुन्हा दहा मिनिटं सिनेबेंच. पार पडलं तर गुणक ४९, मग ५०. समजा ५० ला मशीन पडलं. आता गुणक तसाच ठेवून व्होल्टेज ०.०१ ने वाढवत जा: १.२६, १.२७, १.२८. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक पायरी लिहून ठेवायची. भाराखाली व्ही-कोअर १.३५ च्या वर किंवा तापमान ९० च्या वर जाऊ लागलं की ती आपली हद्द समजावी आणि गुणक एकाने खाली आणावा. हा प्रोसेसर १०० अंशांना स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप वेग कमी करतो. तिथपर्यंत नेलं तर वाढवलेला वेग हातात राहतच नाही.

मशीन सुरूच झालं नाही तर घाबरू नका. वीज पूर्ण बंद करा, बोर्डवरच्या क्लिअर सीमॉस नावाच्या दोन पिन क्षणभर जोडा किंवा नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा. बायोस मूळ सेटिंगवर येतो.

पंप सुरू झाला की दिवा मंद होतो

शेतावरचा पंप किंवा सोसायटीतली पाण्याची मोटर सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मंद होतो. प्रोसेसरच्या बाबतीतही तेच. बायोसमध्ये १.२८ लिहिलं तरी सगळे कोअर एकदम कामाला लागले की प्रत्यक्ष व्होल्टेज १.२१ पर्यंत उतरू शकतं. या उताराला व्ही-ड्रूप म्हणतात, आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो.

हा उतार कमी करणारं सेटिंग म्हणजे लोडलाइन कॅलिब्रेशन. नवखे लोक ते सगळ्यात घट्ट करून टाकतात, आणि इथेच घोटाळा होतो. भार अचानक गेला की व्होल्टेज क्षणभर ठरलेल्या आकड्याच्या वर उसळतं, आणि सेटिंग जितकं घट्ट तितकी उसळी मोठी. एचडब्ल्यूइन्फो६४ ठरावीक अंतराने आकडे वाचतं, त्यात ही उसळी दिसतच नाही. म्हणून मधली पातळी निवडा आणि थोडा उतार राहू द्या. पातळ्यांचे आकडेही फसवे असतात: काही कंपन्यांच्या बोर्डवर मोठा आकडा म्हणजे घट्ट, काहींवर लहान. शेजारी आलेख दाखवलेला असतो, तो पाहूनच ठरवा.

“माझा गेम तर चालतोय, मग टेस्ट कशाला?”

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. गेम बहुतेक वेळा सगळ्या कोअरना पूर्ण राबवत नाही, आणि एखादं उत्तर चुकलं तर तो सांगतही नाही. सिनेबेंचचंही तसंच. तो एक चित्र रंगवतो, त्यातला एक ठिपका चुकला तर तक्रार करत नाही. आपल्याला असा परीक्षक हवा, ज्याला खरं उत्तर आधीच माहीत आहे.

प्राइम९५ तसा आहे. अवाढव्य मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिम्प्स या प्रकल्पाचा हा प्रोग्राम. त्यातल्या टॉर्चर टेस्टमध्ये लाखो अंकी संख्यांचे गुणाकार चालतात. ते दशांशातल्या गणिताने होतात, पण शेवटी प्रत्येक उत्तर पूर्ण संख्येच्या अगदी जवळ यायला हवं. ४१.०२ आलं तर ते ४१ आहे हे नक्की. ४१.५ आलं तर? ४१ म्हणायचं की ४२? अशा वेळी प्राइम९५ त्या कोअरचं काम थांबवतो आणि लाल खूण दाखवून लिहितो: राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं, हार्डवेअरमध्ये दोष आढळला.

हे घडताना कंप्युटर बंद पडत नाही. माउस हलतो, गाणं वाजत राहतं. १२६००के मध्ये सोळा थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी सोळा कामं असतात. त्यांतलं एक थांबलं की टास्क मॅनेजरमध्ये १०० टक्क्यांऐवजी साधारण ९४ टक्के दिसतात, एवढाच बाहेरून दिसणारा पुरावा. ढोल चुकलाय, मिरवणूक पुढे चाललीय.

आधी स्मॉल एफएफटी हा प्रकार तासभर चालवा. हा सगळ्यात जास्त तापवणारा, म्हणून पहिली पंधरा मिनिटं तापमानावरून नजर हटवू नका. यात एव्हीएक्स२ नावाच्या जड आज्ञा चालतात, त्यामुळे सिनेबेंचमध्ये पास झालेलं १.२८ इथे नापास होणं अगदी नेहमीचं. १.२९, मग १.३० करून पाहा. त्यानंतर ब्लेंड हा प्रकार रात्रभर, तो रॅमलाही कामाला लावतो. सगळं पार पडलं की एक्सएमपी चालू करा, पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या करा आणि ब्लेंड पुन्हा चालवा.

आणखी एक जागा तपासायची, तिकडे फार कमी लोक पाहतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडा आणि डब्ल्यूएचईए-लॉगर हे नाव शोधा. १९ क्रमांकाची नोंद म्हणजे प्रोसेसरने चूक केली आणि स्वतःच सावरली. मशीन चालू राहिलं म्हणून ती सोडून देऊ नका. टेस्ट पास झाली असली तरी अशी एक नोंदसुद्धा दिसली, तर व्होल्टेज थोडं वाढवा किंवा गुणक उतरवा.

निळी पाटी आली तर तिच्यावरचं नावही वाट दाखवतं. क्लॉक वॉचडॉग टाइमआउट असेल तर बहुधा कोअरना व्होल्टेज कमी पडतंय, मेमरी मॅनेजमेंट असेल तर आधी रॅमकडे पाहा. अशा आपटी खाण्यात विंडोजच्या फाइलही बिघडतात. म्हणून सेटिंग पक्कं झाल्यावर सिस्टिम फाइल चेकर एकदा चालवून घ्या.

काहीच काम नसताना मशीन का पडतं?

रात्रभर प्राइम९५ सोसलेला कंप्युटर सकाळी नुसतं पान वाचताना रीस्टार्ट झाला, तर माणूस चक्रावतो. कारण सरळ आहे. गुणक ठोकून बसवलेला नसेल तर हलक्या कामात एकच कोअर सगळ्यात वरच्या वेगाला उडी मारतो, आणि त्या वेगासाठीचं व्होल्टेज आपण कापलेलं असतं. जड टेस्टमध्ये सगळे कोअर खालच्या वेगावर असतात, तिथे ही चूक समोर येतच नाही.

रायझनवर हे जास्त दिसतं, कारण तिथे आता गुणक ठोकून बसवण्यापेक्षा कर्व्ह ऑप्टिमायझर वापरतात. प्रत्येक कोअरला वेगानुसार किती व्होल्टेज द्यायचं याचा एक वक्र असतो, तो पायऱ्यापायऱ्यांनी खाली आणायचा. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची. व्होल्टेज कमी, म्हणून उष्णता कमी, म्हणून प्रोसेसर आपणहून जास्त वर जातो. एएमडीवर मला हाच मार्ग योग्य वाटतो. मात्र सगळ्या कोअरना एकदम उणे ३० देऊन मोकळं होऊ नये. उणे १० पासून सुरुवात करा आणि कोअरसायकलर या प्रोग्रामने एकेक कोअर वेगळा तपासा. जो कोअर चुकेल त्याच्याच तीन-चार पायऱ्या परत द्या. कंपनीने सर्वोत्तम म्हणून खूण केलेले कोअर बहुतेकदा सगळ्यात आधी अडतात, कारण त्यांचं व्होल्टेज मुळातच काटेकोर ठेवलेलं असतं.

“एवढं करून मिळतं काय?”

१९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा गुणक ४.५ वर बंद होता, पण मदरबोर्डचा ठेका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा. पन्नास टक्के वेग जवळपास फुकट. आज कंपन्या चिपमधला बहुतेक रस कारखान्यातच काढून घेतात. १२६००के वर ५.० गिगाहर्ट्झ केलं तर व्हिडिओ एन्कोडिंग किंवा थ्रीडी रेंडरिंगसारख्या सगळे कोअर राबवणाऱ्या कामात पी-कोअरचा वेग अकरा टक्क्यांनी वाढतो. पण एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात आधीच ४.९ होतं, म्हणजे वाढ फक्त दोन टक्के. गेममध्ये ग्राफिक्स कार्ड अडत असेल तर फरक जवळजवळ शून्य. तिथे पैसे कार्डावर घालणं शहाणपणाचं. द्रव हेलियम ओतून २०२२ मध्ये आय९-१३९००के ९ गिगाहर्ट्झच्या पार गेला, पण तो विक्रम काही क्षणांचा असतो. त्या मशीनवर कुणी काम करत नाही.

“प्रोसेसर जळेल का?”

उष्णतेने सहसा जळत नाही, कारण तो आधी वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर बंद होतो. धोका व्होल्टेजचा. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. रॅमचं एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे एएमडीचं एक्सएमपी, लावल्यावर काही बोर्ड एसओसी नावाच्या भागाला जास्त व्होल्टेज देत होते. एएमडीने मग नव्या बायोसमधून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. तेव्हा रॅमचं प्रोफाइल लावल्यावरही व्होल्टेज एकदा डोळ्यांनी पाहून घ्या.

जळण्यापेक्षा जास्त घडते ती झीज. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान एकत्र राहिलं की ट्रान्झिस्टर हळूहळू थकतात, आणि काल १.३० वर चालणाऱ्या वेगाला सहा महिन्यांनी १.३२ लागतात. इंटेलच्या त्या प्रकरणात सप्टेंबर २०२४ मध्ये जे मूळ सापडलं तेही असंच होतं: कोअरला ठेका पोचवणारं सर्किटच झिजून ठोका सरकत होता. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे इंटेल आणि एएमडी दोघांच्याही अटींत आहे.

जानेवारीतलं सेटिंग मे महिन्यात

कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक वॅटला तो खोलीच्या वर ठरावीक अंश ठेवतो. खोली २२ अंशांची असताना चिप ७५ वर असेल, तर फरक ५३ चा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात एसी नसलेली खोली ४० ला पोचली की तीच चिप ९३ वर. पुण्यात थंडीत पास झालेलं सेटिंग उन्हाळ्यात पडतं ते यामुळेच, आणि लोक रॅमला दोष देतात.

म्हणून टेस्ट शक्यतो दुपारी, खोली सगळ्यात गरम असताना करा. थंडीत करावी लागली तर तापमान ७५ च्या आत राहील असं पाहा. मार्च-एप्रिलमध्ये रेडिएटर आणि पंख्यांवरची धूळ ब्लोअरने उडवा, पंखे हाताने धरून, म्हणजे ते वेड्यासारखे फिरणार नाहीत. मग स्मॉल एफएफटी पुन्हा तासभर चालवा आणि कागदावरच्या जुन्या आकड्यांशी ताडून पाहा. तापमान सारखं असूनही एखादा थ्रेड थांबला, तर झीज सुरू झाली आहे. तिथे व्होल्टेज वाढवू नका, गुणक ५० वरून ४९ करा.